म्युऑनाचे अपसामान्य चुंबकीय परिबल

म्युऑन या विद्युत् भारित मूलकणाच्या चुंबकीय परिबलाचे जे मूल्य पी. ए. एम. डिरॅक यांच्या समीकरणावरून मिळते त्यापेक्षा प्रत्यक्षातील मूल्य सु. ०·१२ टक्क्यांनी अधिक असते. या अधिक भागाला म्युऑनाचे अपसामान्य चुंबकीय परिबल म्हणतात. या भागाचा फार मोठा हिस्सा कागदावर गणित करून काढता येतो. मेसॉनांमुळे येणारा हिस्सा एकूणाच्या सु. १६,५०० व्या भागाइतकाच असला, तरी तो तसा काढता येत नाही. सिद्धांत व प्रयोग यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या लहानशा हिश्शापाशीच अडून राहिलेला आहे.

म्युऑनाचा शोध १९३६ मध्ये सी. डी. अँडरसन व एस. एच. नेडरमायर यांना विश्वकिरणांत लागला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या सु. २०७ पट असून स्थिर अवस्थेत त्याचे सरासरी आयुर्मान सु. २·२ मायक्रोसेकंद (१ मायक्रोसेकंद = सेकंदाचा दशलक्षांश) असते. अणुकेंद्रातील बल वाहून नेणारा म्हणून हिडेकी युकावा यांनी १९३५ मध्ये कल्पिलेला कण तो हाच, असा प्रारंभी समज झाला होता. ‘मेसॉन’ ही संज्ञा होमी भाभा यांनी १९३९ मध्ये सुचविली. त्या वेळी ती याच कणाला उद्देशून होती. पुढे १९४७ मध्ये युकावांचा कण (पायॉन) वेगळा असल्याचे सिद्ध झाले आणि म्युऑनाची गणना इलेक्ट्रॉनाबरोबर लेप्टॉन वर्गात होऊ लागली. हल्ली क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीपासून बनलेल्या कणांनाच मेसॉन म्हणतात. म्हणजे ज्या कणाला प्रथम मेसॉन म्हटले गेले तो मेसॉन नाही. मात्र त्याच्या चुंबकीय परिबलाच्या गणनातील सर्वांत अवघड भाग खऱ्या मेसॉनांचाच आहे.

परिवलन (स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याशी सदृश असा अंगभूत कोनीय संवेग) असलेला भारित कण लहान चुंबकासारखा वागतो. त्याचे चुंबकीय परिबल व परिवलन यांचे गुणोत्तर ज्या परिमाणहीन गुणकावर अवलंबून असते त्याला जी-गुणक म्हणतात. डिरॅक यांच्या १९२८ सालच्या समीकरणानुसार इलेक्ट्रॉन व तत्सम कणांसाठी हा गुणक बरोबर २ यावयास हवा. पी. कुश व एच. एम. फोली यांनी १९४७ मध्ये केलेल्या मापनांवरून इलेक्ट्रॉनाचा गुणक २ पेक्षा किंचित अधिक असल्याचे दिसून आले. जे. एस. श्विंगर यांनी त्याचे कारण पुंज विद्युत् गतिकीच्या साहाय्याने दाखवून दिले. भारित कण फोटॉन सतत बाहेर टाकतो व परत शोषून घेतो आणि या अल्पजीवी (आभासी) फोटॉनाच्या अस्तित्वामुळे बाह्य चुंबकीय क्षेत्राला कणाकडून मिळणारा प्रतिसाद बदलतो. श्विंगर यांच्या गणितानुसार ही वाढ सूक्ष्म संरचना स्थिरांक भागिले २π, म्हणजे सु. ०·००११६ इतकी येते. जी-गुणकातून २ वजा करून उरणाऱ्या संख्येच्या निम्मा भाग हे अपसामान्य परिबलाचे माप होय.

आभासी कण केवळ फोटॉनच असतात असे नाही. निसर्गात अस्तित्वात असलेला प्रत्येक कण, मग तो प्रयोगशाळेत सापडलेला असो वा नसो, या प्रक्रियेत आपापल्या परीने सहभागी होतो. जड कणांचा हा प्रभाव ढोबळमानाने मापनाधीन कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनाचे परिबल अधिक अचूकपणे मोजता येत असले, तरी अज्ञात जड कणांचा मागोवा घेण्याच्या दृष्टीने म्युऑन सु. ४३,००० पट अधिक संवेदनशील ठरतो. म्युऑनाकडे लक्ष वेधले जाण्याचे कारण हेच आहे. मोजलेले मूल्य ज्ञात कणांवरून काढलेल्या मूल्याशी जुळले नाही, तर फरक अज्ञात कणांचा मानावा लागेल. अर्थात ज्ञात कणांचा हिशेब बिनचूक आहे, हे त्यासाठी आधी निश्चित व्हावे लागते.

पुढील विवेचनात सर्व मूल्ये दशांश चिन्हानंतरच्या अकराव्या स्थानाला एक एकक मानून दिली आहेत. या एककात अपसामान्य परिबल सु. ११,६५,९२,००० इतके आहे.

मापन : चुंबकीय क्षेत्रात वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या म्युऑनाचा परिवलन अक्ष भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे परांचन करतो. जी-गुणक बरोबर २ असता तर हा अक्ष कणाच्या गतीच्या दिशेशी कायम एकच कोन करून राहिला असता. प्रत्यक्षात तो थोडा पुढे सरकत जातो व या सरकण्याची कंप्रता अपसामान्य परिबलाच्या प्रमाणात असते. क्षय होताना म्युऑनापासून निघणारे उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वा पॉझिट्रॉन परिवलनाच्या दिशेशी निगडित असे विशिष्ट दिशेस अधिक संख्येने बाहेर पडतात. त्यामुळे त्यांच्या संख्येतील चढउतारावरून ही कंप्रता कळते. कक्षा स्थिर ठेवण्यासाठी लागणाऱ्या विद्युत् क्षेत्राचा परांचनावर परिणाम होऊ नये म्हणून म्युऑनांना विशिष्ट संवेग देण्यात येतो. या संवेगाला सापेक्षता सिद्धांतानुसार त्यांचे आयुर्मान सु. २९ पटींनी वाढून सु. ६४ मायक्रोसेकंद होते. वेगवान विश्वकिरण कणांचे आयुर्मान असे वाढलेले दिसले पाहिजे, हे भाभा यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते.

जिनीव्हा येथील सर्न प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० नंतरच्या दशकापर्यंत असे तीन प्रयोग झाले. तिसऱ्या प्रयोगाची अचूकता दशलक्षात सु. ७ भाग इतकी होती. मेसॉनांचा हिस्सा दशलक्षात सु. ६० भाग असल्याने त्याचे अस्तित्व या प्रयोगात प्रथमच स्पष्टपणे जाणवले. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९९७ ते २००१ या काळात झालेल्या प्रयोगाने ही अचूकता दशलक्षात ०·५४ भागापर्यंत नेली. तेथील सु. १५ मी. व्यासाचे अतिसंवाहक वलय २०१३ मध्ये समुद्र, नद्या व रस्ते या मार्गांनी शिकागोजवळच्या फेर्मी राष्ट्रीय वेगवर्धक प्रयोगशाळेत हलविण्यात आले. २०१८ ते २०२३ या काळात तेथे मापने घेण्यात आली. घड्याळाची नेमकी कंप्रता प्रयोगकर्त्यांपासून विश्लेषण पूर्ण होईपर्यंत गुप्त ठेवली जात असे, जेणेकरून अपेक्षित उत्तराकडे नकळत झुकाव होऊ नये. अंतिम निष्कर्ष ३ जून २०२५ रोजी जाहीर झाला. ब्रुकहेवनच्या मापनासह सरासरी मूल्य ११,६५,९२,०७१·५ ± १४·५ एकक म्हणजे दशकोटीत सु. १२ भाग इतक्या अचूकतेचे आहे.

सिद्धांतातील घटक : या राशीचा बहुतांश, सु. ११,६५,८४,७१९ एकक, पुंज विद्युत् गतिकीतून येतो. तोइचिरो किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पूर्ण केलेल्या गणनाच्या शेवटच्या पायरीवर १२,६७२ आकृत्यांचे मूल्य काढावे लागले, यावरून या कामाचा आवाका ध्यानात यावा. या घटकातील अनिश्चितता एका एककाहूनही कमी आहे. दुर्बल परस्परक्रियेचा वाटा सु. १५४ एकक असून तोही पुरेसा निश्चित आहे. उरलेला सु. ७,१०० ते ७,२०० एककांचा वाटा प्रबल परस्परक्रियेचा, म्हणजे मुख्यतः मेसॉनांचा असून सिद्धांतातील जवळजवळ सर्व अनिश्चितता यातच सामावलेली आहे.

मेसॉनांचा हिस्सा दोन प्रकारे येतो. पहिल्यात आभासी फोटॉन क्षणकाल क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे रूप घेऊन पुन्हा फोटॉन होतो. याला निर्वात ध्रुवण म्हणतात. ही जोडी सुटी राहू शकत नाही. ती पायॉनांच्या जोडीच्या अथवा ऱ्हो, ओमेगा, फाय इ. मेसॉनांच्या स्वरूपात वावरते. यांपैकी सु. तीनचतुर्थांश वाटा एकट्या पायॉन-जोडीचा असून त्यावर सु. ७७५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या ऱ्हो मेसॉनाचा ठसा असतो. दुसऱ्या प्रकारात फोटॉनांचे फोटॉनांकडून मेसॉनांद्वारे प्रकीर्णन होते. हा वाटा सु. १०० एककांचाच आहे. पुंज विद्युत् गतिकीत प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीहून पुष्कळ लहान असते व त्यामुळे पायरीपायरीने उत्तराजवळ जाता येते. क्वार्क व ग्लुऑन यांच्या सिद्धांतात (पुंज वर्णगतिकीत) कमी ऊर्जेला परस्परक्रिया इतकी प्रबल होते की, ही वाट बंद होते. ऱ्हो मेसॉन आकृत्यांच्या बेरजेतून हाती येत नाही.

ही अडचण प्रयोगाचा आधार घेऊन टाळता येते. निर्वात ध्रुवण आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीतून मेसॉन निर्माण होण्याची संभाव्यता (काटछेद) यांत गणिती संबंध आहे. सी. बूशिया व एल. मिशेल यांनी १९६१ मध्ये तो म्युऑनाच्या परिबलाला लावला. त्यानुसार फ्रास्काती, स्टॅनफर्ड, बीजिंग, नोव्होसिबिर्स्क इ. ठिकाणच्या मापनांची बेरीज करून निर्वात ध्रुवणाचा प्रमुख भाग काढण्यात आला. या विषयातील तज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये तो ६,९३१ ± ४० एकक व एकूण सैद्धांतिक मूल्य ११,६५,९१,८१० ± ४३ एकक असे निश्चित केले. एप्रिल २०२१ मध्ये फेर्मी प्रयोगशाळेचा पहिला निष्कर्ष आला तेव्हा प्रायोगिक सरासरी यापेक्षा सु. २५० एककांनी अधिक भरली. हा फरक एकत्रित प्रमाण त्रुटीच्या ४·२ पट होता आणि नव्या कणांची चाहूल लागल्याचा बोलबाला जगभर झाला. तथापि या पद्धतीतील सैद्धांतिक मूल्य वास्तविक निम्मे प्रायोगिकच आहे, ही गोष्ट त्या गदारोळात काहीशी मागे पडली. ज्या मापनांवर ते आधारलेले होते त्यांपैकी दोन सर्वांत अचूक मापनांत आपापसांतच सु. ३ टक्क्यांपर्यंत तफावत होती.

जालक गणन : प्रायोगिक काटछेदांचा आधार न घेता मूळ सिद्धांतावरूनच हा हिस्सा काढण्याचा मार्ग के. जी. विल्सन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या जालक सिद्धांताने खुला केला. यात सलग अवकाश-काळाऐवजी समान अंतरावरील बिंदूंचे चतुर्मितीय जालक कल्पितात. क्वार्क बिंदूंवर व ग्लुऑन क्षेत्र बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर असते. काळ ही राशी गणितदृष्ट्या काल्पनिक मानल्यास समीकरणे सांख्यिकीय भौतिकीतील समीकरणांसारखी होतात व यदृच्छ निवडीच्या माँटे कार्लो पद्धतीने महासंगणकावर सोडविता येतात. उदाहरणार्थ, अवकाशाच्या तिन्ही दिशांना ९६ व कालदिशेला १४४ बिंदू घेतल्यास जालकात सु. १२·७ कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूपासून निघणाऱ्या चार दुव्यांवर ३ × ३ चे एकेक सदसत् आव्यूह (मॅट्रिक्स) असल्याने ग्लुऑन क्षेत्राची केवळ एक स्थिती नोंदविण्यास सु. ९१७ कोटी संख्या लागतात. अशा अनेक स्थितींवरून सरासरी काढावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हीच पद्धती अतितप्त क्वार्क द्रव्याच्या अभ्यासासाठी वापरली गेली आहे.

म्युऑनाच्या परिबलासाठी जालकावर एका क्षणी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी निर्माण करून नंतरच्या क्षणी ती नष्ट होण्याचे सहसंबंध फलन काढतात. मग एका ज्ञात फलनाने त्याला गुणून सर्व कालांतरांवर बेरीज करतात. ऱ्हो किंवा पायॉन हे कण गणनात हाताने घालावे लागत नाहीत; ते क्वार्कांच्या समीकरणांतून आपोआप प्रकट होतात. टी. ब्लूम यांनी २००३ मध्ये अशा प्रकारचे पहिले गणन प्रसिद्ध केले. मात्र उपयोगी पडण्यासाठी अचूकता टक्क्याच्या निम्म्यापर्यंत नेणे आवश्यक होते व त्यास पुढे जवळजवळ दोन दशके लागली.

यातील अडचणी एकाच जातीच्या नाहीत. कालांतर मोठे होत जाते तसतसा सहसंबंध यदृच्छ चढउतारांच्या मानाने वेगाने क्षीण होतो. पायॉन-जोडीचा मोठा वाटा तर याच टोकाला असतो. जालकाची पेटी लहान असेल, तर हलके पायॉन तिच्या भिंतींना ‘ओळखतात’. म्हणून पेटीची बाजू सु. ६ फेमटोमीटर (१ फेमटोमीटर = मीटर भागिले १ वर पंधरा शून्ये असलेली संख्या) किंवा त्याहून अधिक घ्यावी लागते. उलट बिंदूंमधील अंतर एक दशांश फेमटोमीटराहून कमी ठेवून व निरनिराळ्या अंतरांसाठी गणन करून अंतर शून्य झाल्यास काय उत्तर येईल याचा अंदाज बांधावा लागतो. सर्वांत फसवी अडचण मोजपट्टीची आहे. संगणकाला फेमटोमीटर ठाऊक नसतो. एखाद्या ज्ञात कणाचे वस्तुमान जालकावर काढून त्यावरून अंतराचे माप ठरवितात व त्यातील त्रुटी अंतिम उत्तरात जवळजवळ दुपटीने उतरते. याखेरीज अप व डाउन क्वार्कांच्या वस्तुमानांतील फरक आणि त्यांचे विद्युत् भार या एरवी दुर्लक्ष करण्याजोग्या गोष्टीही जमेस धराव्या लागतात.

बुडापेस्ट, मार्सेय व वुपर्टाल येथील शास्त्रज्ञांच्या गटाने हे सर्व साधून ७,०७५ ± ५५ एकक हे मूल्य काढले. २०२० मध्ये मांडलेले हे काम फेर्मी प्रयोगशाळेच्या पहिल्या निष्कर्षाच्या दिवशीच, ७ एप्रिल २०२१ रोजी, नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते ग्राह्य धरल्यास प्रयोगाशी असलेली तफावत बरीच ओसरत होती. एकाच गटाच्या गणनावर विसंबण्यास अनेक तज्ञ तयार नव्हते व ते योग्यच होते. म्हणून एक मर्यादित कसोटी वापरण्यात आली. अगदी लहान व अगदी मोठी कालांतरे वगळून ०·४ ते १ फेमटोमीटर एवढ्याच पट्ट्यातील वाटा काढावयाचा, ही कल्पना २०१८ मध्ये पुढे आली होती. या पट्ट्यात जालकाच्या बहुतेक अडचणी सौम्य असतात. २०२२-२३ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी जालक रचणाऱ्या अनेक गटांनी या पट्ट्यासाठी सु. २,३६० एकक हे मूल्य काढले. टकरींच्या मापनांवरून ते २,२९४ ± १४ येत होते. गटागटांतील हा मेळ निर्णायक ठरला. पुढे काही गटांनी आपले आकडे स्वतःपासूनच गुप्त ठेवून गणन करण्याची प्रयोगकर्त्यांची शिस्तही स्वीकारली.

दरम्यान २०२३ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील सीएमडी-३ या उपकरणाने मोजलेला पायॉन-जोडीचा काटछेद पूर्वीच्या सर्व मापनांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक भरला व जालक गणनाकडे झुकला. आधीच्या मापनांत, त्याच गावच्या पूर्वीच्या उपकरणाच्या मापनासह, नेमकी चूक कोठे असावी हे मात्र उलगडले नाही. आंतरराष्ट्रीय गटाने २०२५ मध्ये परस्परविरोधी मापनांची सरासरी काढण्याचे नाकारले. त्याने जालक गणनांवरून निर्वात ध्रुवणाचा प्रमुख भाग ७,१३२ ± ६१ एकक धरला. त्यानुसार एकूण सैद्धांतिक मूल्य ११,६५,९२,०३३ ± ६२ एकक येते व प्रयोगाशी फरक ३८ ± ६३ एकक, म्हणजे त्रुटीच्या मर्यादेत राहतो. २०२० चे मूल्य कायम राहिले असते, तर हाच फरक प्रमाण त्रुटीच्या पाचपटीहून अधिक झाला असता. नव्या मूल्याची अनिश्चितता जुन्यापेक्षा मोठी आहे, हेही नमूद केले पाहिजे. सिद्धांत हल्ली प्रयोगाच्या चौपट ढोबळ आहे.

फोटॉनांच्या प्रकीर्णनाचा वाटा लहान असला, तरी त्याचा इतिहास बोधप्रद आहे. त्यात उदासीन पायॉनाचा भाग प्रमुख असतो. १९९० नंतरच्या दशकातील गणनांत त्याचे चिन्ह ऋण आले होते. २००१ मध्ये ब्रुकहेवनचा निष्कर्ष सिद्धांताहून २·६ प्रमाण त्रुटींनी वेगळा असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस एम. क्नेख्त व ए. निफेलर यांनी हे चिन्ह धन असावयास हवे असे दाखविले. एम. हायाकावा व किनोशिता यांनी आपल्या गणनाची फेरतपासणी केली, तेव्हा बीजगणिती रूपांतरे करणाऱ्या संगणक कार्यक्रमातील एक संकेत नजरेतून सुटल्याचे आढळले व त्यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. तफावत लगेच १·६ प्रमाण त्रुटींवर आली. या वाट्याचे जालक गणनही आता झाले असून त्याचा इतर पद्धतींशी चांगला मेळ बसतो. त्याचे मूल्य २०२० मध्ये ९२ ± १८ एकक धरले होते, ते २०२५ मध्ये सु. ११५ ± १० एकक धरण्यात आले.

टकरींच्या मापनांतील मतभेद मिटविण्यासाठी जुन्या नोंदींचे पुनर्विश्लेषण व नवी मापने चालू आहेत. म्युऑन व इलेक्ट्रॉन यांच्या प्रकीर्णनावरून निर्वात ध्रुवण थेट मोजण्याचा ‘म्यूऑन-ई’ हा प्रयोग सर्न येथे प्रस्तावित आहे. त्यातील राशी जालकावर काढल्या जाणाऱ्या राशीशी सरळ पडताळून पाहता येण्यासारखी आहे. जपानमध्ये जे-पार्क येथे अतिमंद म्युऑन पुन्हा वेगवर्धित करून, विद्युत् क्षेत्राचा आधार न घेता, लहान वलयात परिबल मोजण्याची तयारी चालू आहे. ब्रुकहेवन व फेर्मी येथील मापने एकाच वलयात झालेली असल्याने अशा स्वतंत्र मापनाची गरज आहे.